ह्यूगो पुरस्कार: मत वाचकाचं, मोजणी कुणाची?

लोकांच्या मतांवर ठरणारा पुरस्कार म्हटलं की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया हमखास येतात. एक तर, ‘बरं झालं, परीक्षकांची मक्तेदारी गेली.’ नाहीतर, ‘म्हणजे ज्याची माणसं जास्त तो जिंकणार.’ विज्ञानकथा आणि फँटसीसाठीच्या ह्यूगो पुरस्काराकडे पाहिलं तर दोन्ही अपुऱ्या आहेत असं मला वाटतं.

ह्यूगो पहिल्यांदा दिला गेला १९५३ साली, फिलाडेल्फियाला. कादंबरी होती आल्फ्रेड बेस्टरची ‘द डिमॉलिश्ड मॅन’. मतदार म्हणजे दरवर्षी भरणाऱ्या वर्ल्डकॉन या संमेलनाचे सभासद. संमेलनाला जायलाच हवं असं नाही. २०१५ साली ४० डॉलर भरले की घरबसल्या मत देता येत होतं. तेव्हा ‘वाचकांचा कौल’ म्हणताना एवढं ध्यानात असू द्या, की हा वर्गणी भरलेल्या वाचकांचा कौल आहे.

अंतिम फेरीची मतमोजणी चांगली आहे. आपल्या विधान परिषदेसारखी, पसंतीक्रमाची. आणि प्रत्येक विभागात एक पर्याय असतो, ‘नो अवॉर्ड’. आपल्या विधानसभेत नोटाला कितीही मतं पडली तरी पुढचा उमेदवार निवडून येतोच. इथे मात्र नोटा खरोखर जिंकतो.

गोम आहे ती आधी, नामांकनात. प्रत्येक सभासदानं पाचपर्यंत नावं सुचवायची. वर्षभरात कथा निघतात शेकड्यांनी, त्यामुळे हजार जणांनी मनापासून वाचून नावं दिली तर ती विखुरतात. पण दोनशे जणांनी एकच यादी उतरवून काढली, तर पाचही जागा त्यांच्या! २०१५ मध्ये ‘सॅड पपीज’ आणि ‘रॅबिड पपीज’ या गटांनी नेमकं हेच केलं. त्यांची तक्रार अशी, की पुरस्कार एका पुरोगामी कंपूच्या हातात गेलाय, साध्या रंजक साहसकथेला कुणी विचारत नाही. तक्रार करायला काहीच हरकत नव्हती. पण त्यावर उपाय काय, तर आपला वेगळा कंपू.

मग जवळजवळ सहा हजार लोकांनी मतं दिली आणि पाच विभागांत ‘नो अवॉर्ड’ जिंकला. सभागृहात टाळ्या झाल्या. मला त्या टाळ्या खटकतात. संपादकांच्या दोन्ही विभागांत हेच झालं, आणि त्यांत वर्षानुवर्षं काम केलेली माणसं होती. त्यांचं नाव कुणीतरी यादीत घातलं, हा काय त्यांचा दोष? यादी बघून नाव लिहायचं किंवा यादी बघून नाव खोडायचं, दोन्हींत काम कुणी पाहिलेलंच नसतं.

त्याच वर्षी कादंबरीचा पुरस्कार लिऊ त्सिशिनच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ला मिळाला, केन लिऊच्या अनुवादाला. ह्यूगो मिळवणारी ही पहिली अनुवादित कादंबरी. ती यादीत आली कशी? मार्को क्लूस या लेखकानं, आपलं नाव त्या गटांमुळे आलंय हे कळल्यावर, स्वतःची कादंबरी मागे घेतली म्हणून.

२०१७ पासून नामांकनाचं गणित बदललं. आता सुचवणाऱ्याचं एकच मत त्याच्या नावांमध्ये वाटलं जातं, नावं गळत जातील तसं उरलेल्यांकडे सरकतं. एका गटाला सगळ्या जागा बळकावणं त्यामुळे अवघड झालं.

पण मोजणाराच खोटं वागला तर? तिथे हे गणित काही करू शकत नाही.

इथे मला नारळीकर आठवतात. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं कथा पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांसमोर फक्त कथा होती. आता २०२३चं चेंगदू बघा. आर. एफ. क्वांगची ‘बेबेल’, जिला नेब्युला मिळून गेला होता, ती ‘अपात्र’. कारण? दिलंच नाही. हे कळलं जानेवारी २०२४ मध्ये, आकडेवारी बाहेर आल्यावर. पुढच्याच महिन्यात आयोजकांचे ईमेल फुटले. पाश्चात्त्य प्रशासकांनीच उमेदवारांची चौकशी करून ठेवली होती: चीनबद्दल कोण काय बोललं, कोण कुठे गेलं. एकाच्या नावापुढे तिबेटची वारी लिहिलेली. बिचारा गेला होता नेपाळला! चिनी वाचकांनी सुचवलेल्या काही कृतीही, गटानं मतं दिल्याच्या संशयावरून, गाळल्याचं त्या पत्रव्यवहारात दिसतं. म्हणजे संमेलन ज्यांच्या देशात, त्यांचीच मतं केराच्या टोपलीत. पपीजच्या वेळी निदान वाचकाला ‘नो अवॉर्ड’ म्हणता आलं. इथे आपल्याला काय नाकारलंय हेच त्याला ठाऊक नव्हतं.

२०२४ला ग्लासगोत ३,८१३ मतांपैकी ३७७ बाद झाली. खोटी नावं, कुणीतरी पैसे भरून आणलेली मतं. यावेळी आयोजकांनी निकालाआधीच हे जाहीर केलं: आकडा, कारण, ही मतं धरली असती तर एक उमेदवार जिंकला असता हे, आणि त्या उमेदवाराला याची कल्पना होती असा पुरावा नाही हेही. उमेदवाराचं नाव मात्र त्यांनी सांगितलं नाही. बरोबर केलं, असं माझं मत.