नोंद आणि अधिकार : जव्हार-मोखाड्यातील वृद्धांच्या लसीकरणाचा प्रश्न

रुग्णाची नोंद संगणकावर आली की रुग्णालयातील वृद्धांचे लसीकरण वाढते, असे अलीकडे गृहीत धरले जाते. या गृहीतकाला परदेशी प्रयोगांचा आधार दिला जातो. परंतु ते प्रयोग नेमके काय सिद्ध करतात, हे सहसा पाहिले जात नाही. अमेरिकेत इंडियानापोलिस येथील एका रुग्णालयातील, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन या दृष्टीने उद्बोधक आहे. लशीस पात्र रुग्ण दोन्ही गटांत संगणकानेच हुडकले. एका गटात त्याने डॉक्टरांना केवळ स्मरण दिले. दुसऱ्यात रुग्णास घरी सोडताना लस देण्याचा आदेशच निघे व परिचारिका तो अमलात आणी. इन्फ्लुएंझाची लस पहिल्या गटात ३० टक्के पात्र रुग्णांना मिळाली, दुसऱ्यात ४२ टक्क्यांना. न्यूमोकोकल लशीबाबत हेच प्रमाण अनुक्रमे ३१ व ५१ टक्के होते. नोंद तीच होती. भेद होता तो अधिकाराचा.

जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय यांच्या संदर्भात या निष्कर्षाच्याही एक पायरी खाली उतरावे लागते. या दोन्ही लशी वृद्धांसाठी राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात समाविष्टच नाहीत. लशीचा साठाच नसेल, तर स्मरण कितीही तत्पर असले तरी ते कशाचे?

कोविडच्या लशीपुरती ही अडचण नव्हती. १ मार्च २०२१ पासून साठीपुढील व्यक्तींना ती खुली झाली आणि प्रत्येक मात्रा कोविन प्रणालीत नोंदली गेली. मात्रा मोजण्यात ही प्रणाली समर्थ ठरली, हे मान्यच केले पाहिजे. तथापि तिचा संदेश जाई तो मोबाइलवर, आणि एका क्रमांकावर आरंभी चौघांचीच नोंद होई. जानेवारी २०२२ मध्ये ही मर्यादा सहावर नेली गेली. या डोंगराळ तालुक्यांत भाताची झोडणी आटोपली की अनेक घरांतील कर्ता मुलगा भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातो. मोबाइल त्याच्या खिशात, म्हातारी पाड्यावर. स्मरण पोचते ते भट्टीवर! शिवाय कोविनमधील नोंद मात्रेची होती, दुखण्याची नव्हे. दम्याने खाटेवर पडलेल्या वृद्धेचा केस पेपर आणि तिची लसनोंद यांची गाठ तेथे पडत नव्हती.

सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा चौदा अंकी आरोग्य क्रमांक ही गाठ घालू शकेल. परंतु त्याचे मूल्यमापन काढलेल्या क्रमांकांच्या संख्येवरून करणे म्हणजे साधनालाच साध्य मानणे होय. रुग्णालयातून घरी गेलेल्या साठीपुढील रुग्णांपैकी किती जण लस टोचून घेऊन गेले, आणि ती टोचण्याचा लेखी स्थायी आदेश परिचारिकेच्या हाती होता काय, हीच दोन माहिती प्रथम मागितली पाहिजे.