ठोका तोच, ओझं वाढतं

मेटल म्हणजे वेग आणि आरडाओरडा, हा समज पोस्ट-मेटल पहिल्या पाच मिनिटांतच मोडून काढतं. दहा-बारा मिनिटांचं गाणं, संथ ड्रम, पुन्हा पुन्हा येणारा एकच रिफ आणि त्यावर हळूहळू चढत जाणारे गिटारचे थर. ख्याल ऐकणाऱ्याला हा धीर ओळखीचा वाटेल. फरक असा, की विलंबितानंतर ख्याल द्रुतकडे वळतो. पोस्ट-मेटलमध्ये लय बहुतेकदा तीच राहते, फक्त ओझं वाढत जातं.

याचा पाया ओकलंडच्या न्यूरोसिसने घातला. हार्डकोर पंकमधून आलेल्या या बँडने ‘थ्रू सिल्व्हर इन ब्लड’ (1996) या अल्बममध्ये ड्रमलाच गाण्याचा कणा केलं. त्याआधी इंग्लंडच्या गॉडफ्लेशने ‘स्ट्रीटक्लीनर’मध्ये (1989) यंत्राच्या ठोक्यातली निर्दयता दाखवली होती. बॉस्टनच्या आयसिसने या वजनात हवा खेळवली. ‘ओशॅनिक’मध्ये (2002) बुडण्याची कथा आहे, तर ‘पॅनॉप्टिकॉन’मध्ये (2004) पाळतीखाली जगणाऱ्या समाजाचा विचार. शिकागोच्या पेलिकनने ‘ऑस्ट्रेलेशिया’तून (2003) गायकालाच रजा दिली. स्वीडनच्या कल्ट ऑफ लूनाचा ‘समव्हेअर अलाँग द हायवे’ (2006) मला या साऱ्यांत सर्वांत जवळचा. त्यातला एकाकीपणा कुठेही रडका होत नाही.

पण 2010 मध्ये आयसिस थांबला, तोवर या शैलीचा साचा पक्का झाला होता: आधी हळुवार, मग स्फोट, मग पुन्हा हळुवार. त्यानंतरचे कितीतरी अल्बम नीटनेटके आहेत, पण स्फोट कधी होणार हे श्रोत्याला आधीच कळतं. ज्यांनी बाहेरून काही आणलं, तेच तगले. कल्ट ऑफ लूनाने ‘मॅरिनर’साठी (2016) ज्युली ख्रिसमस या अमेरिकन गायिकेला सोबत घेतलं आणि तिच्या आवाजाने सगळी शिस्त विस्कटून टाकली. बेल्जियमच्या आमेनराने ‘डे डोर्न’ (2021) पूर्णपणे आपल्या फ्लेमिश बोलीत गायला. शब्द कळत नाहीत, तरी माणूस स्वतःच्या घरात रडतोय एवढं कळतं.

बर्लिनच्या द ओशन या बँडने तर भूगर्भशास्त्रच हाती घेतलं. ‘फॅनेरोझोइक 2’मधलं (2020) दुसरंच, दीर्घ गाणं डायनासोरांच्या अंतापर्यंत येतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या श्रोत्याला ते दूरचं वाटू नये. लोणार-मेहकरकडे पायाखाली जो काळा पाषाण आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे त्याच काळातल्या लाव्ह्याचा. पुढे त्याच पाषाणावर उल्का आदळून लोणारचं विवर झालं. विषय आपल्या जमिनीत पडून आहे आणि गाणं बर्लिनमध्ये होतंय!

महाराष्ट्रात या वळणाचं संगीत मुख्यतः मुंबईत घडलं. डर्जचा ‘आह पुच’ (2018) हा वजन आणि संयम या दोन्ही कसोट्यांवर उतरतो. मात्र त्याचा विषय आहे माया संस्कृतीतला मृत्युदेव. मिडहेवनने ‘ऑफ द लोटस अँड द थंडरबोल्ट’मध्ये (2021) शिवकल्पनेकडे वळून इथली माती चाचपली, म्हणून तो मला अधिक धाडसी वाटतो. शेजारच्या पोस्ट-रॉकमध्ये अ‍ॅजवीकीपसर्चिंगने हिंदीत गाऊन दाखवलं, की जड गिटार आणि आपली भाषा यांचं वैर नाही.

कारागिरीत आपले बँड कमी नाहीत. कमी पडते ती स्वतःच्या जागेवरची पकड. कोरडवाहू शेती, ओसाड पडणारी गावं, उन्हाळ्याची न संपणारी दुपार हे सगळं या संथ, जड संगीतासाठीच असल्यासारखं आहे. तेव्हा गिटार हाती घेतलेल्या विदर्भातल्या पोरांनो, आमेनरासारखं एकदा स्वतःच्या बोलीत गाऊन बघा. आणि ज्यांना फक्त ऐकायचंय, त्यांनी ‘ओशॅनिक’पासून सुरुवात करावी, पण अल्बम सलग ऐकावा. तुकड्या-तुकड्यांत ऐकलं, तर हे संगीत हाती लागत नाही.