‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ : पहिलटकरणीच्या प्रसूतिकथनाचा विचार

प्रास्ताविक

मराठी घरात बाळंतपणाची बातमी एका ठरावीक वाक्यात येते : ‘बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.’ पूर्वी हे वाक्य पत्रातून येई, आता भ्रमणध्वनीवरून येते; शब्द मात्र तेच आहेत. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणात लेकी-सुना गमावल्या, त्या समाजात या वाक्याचे मोल कमी लेखता येणार नाही. ते ऐकले की साऱ्या घराचा जीव भांड्यात पडतो. परंतु हेच वाक्य एक कथन सुरू होण्यापूर्वीच संपवतेही. सुखरूप म्हटल्यावर विचारण्यासारखे काही उरत नाही. बाळाचे वजन, रंग, नाक कोणाचे, याकडे बोलणे वळते आणि मधल्या दहा-पंधरा तासांत त्या स्त्रीवर काय गुदरले हा विषय मागे पडतो.

प्रस्तुत लेखात पहिलटकरणीने रुग्णालयातील आपल्या पहिल्या प्रसूतीविषयी केलेले कथन हा साहित्यसमीक्षेचाही विषय आहे, या भूमिकेतून काही विचार मांडला आहे. रुग्णालयाने स्त्रीचा जीव वाचवण्याची मोठी सोय केली. तिचे सांगणे ऐकून घेण्याची सोय मात्र त्या मानाने फार उशिरा सुचली. ही उणीव केवळ आधुनिक रुग्णालयाची नाही. आपल्या भाषेत आणि लिखित परंपरेतही तिच्या खुणा आढळतात.

शब्दसंपत्ती आणि तिच्यातील रिकामी जागा

बाळंतपणाभोवतीची मराठी शब्दसंपत्ती विपुल आहे. डोहाळे, ओटीभरण, बाळंतविडा, पाचवी, सटवाई, बारसे, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, ओली बाळंतीण असे कितीतरी शब्द सहज आठवतात. मात्र यांतील बहुतेक शब्द प्रसूतीच्या आधीचे किंवा नंतरचे आहेत. प्रत्यक्ष त्या तासांसाठी वेणा, कळा, अडणे, सुटका असे मोजकेच शब्द हाती लागतात. ‘सुटका झाली’, ‘मोकळी झाली’ हे शब्दप्रयोग वेदनेची तीव्रता मान्य करतात. तिचे वर्णन मात्र करत नाहीत.

तरीही या मोजक्या शब्दांत एक सूक्ष्म भेद दडलेला आहे. कळा ‘येतात’ आणि कळा ‘दिल्या’ जातात. पहिल्या प्रयोगात स्त्री सोसणारी आहे, दुसऱ्यात ती कर्ती आहे. गर्भाशयाचे आकुंचन तिच्या इच्छेविना होते. पण शेवटच्या टप्प्यात आपले सारे बळ एकवटून ती बाळाला बाहेर आणते. शरीरशास्त्राने प्रसूतीची पहिली आणि दुसरी अवस्था म्हणून जो भेद केला, तो बायकांच्या बोलीने दोन क्रियापदांत नेमका टिपलेला आहे. रुग्णालयात पोहोचल्यावर हे कर्तेपण भाषेतून निसटू लागते. ‘डॉक्टरांनी डिलिव्हरी केली’, ‘सिझर केले’, ‘पेशंटला टेबलवर घेतले’ या वाक्यांत स्त्री कर्म होते. अर्थात ‘सुईणीने बाळंतपण केले’ हे वाक्यही जुनेच आहे. तेव्हा सारा दोष रुग्णालयाच्या माथी मारणे योग्य होणार नाही.

वेदनेच्या संदर्भात आणखी एक गोष्ट नोंदवणे अगत्याचे आहे. ‘वांझेला बाळंतवेणा काय कळणार’ अशा अर्थाची म्हण आपल्याकडे सर्रास वापरली जाते. अपत्यहीन स्त्रीविषयीचे तिचे क्रौर्य उघड आहे. पण ती बाळंतिणीचीही गोची करते, हे सहसा लक्षात येत नाही. जिला अनुभव नाही तिला ही वेदना कळणारच नाही आणि जिला अनुभव आहे तिला सांगायची गरज नाही, असा तिचा मथितार्थ निघतो. मग सांगायचे कोणाला? पहिलटकरीण तर या दोहोंच्या उंबरठ्यावर उभी असते. येणाऱ्या कळा खऱ्या की खोट्या, हेही तिला ठाऊक नसते. ते ठरवण्याचा अधिकार इतरांकडे असतो आणि तिच्या वाट्याला ‘अजून वेळ आहे’ एवढे उत्तर येते.

लिखित परंपरेतील दोन साक्षी

आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांनी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता. कोवळ्या वयात त्या स्वतः माता झाल्या होत्या आणि त्यांचे बाळ अवघे दहा दिवस जगले. हा प्रसंग आज आपल्याला परिचित आहे तो मुख्यतः त्यांच्यावर इतरांनी लिहिलेल्या चरित्रांतून आणि श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीतून. पदवीसाठी त्यांनी निवडलेला विषय आणि त्यांचे हरपलेले मूल यांतील नाते वाचकाला जाणवल्यावाचून राहत नाही. परंतु विद्वत्तेच्या परिभाषेत त्या काळी शास्त्राला स्थान होते, पहिलटकरणीच्या आपबीतीला नव्हते. एकाच व्यक्तीच्या ठायी ज्ञान आणि अनुभव नांदत असूनही अनुभवाची नोंद दुसऱ्यांनी करावी लागली, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

दुसरी साक्ष बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमचं’ (१९८६) या आत्मकथनाची. महार समाजातील कोवळ्या पोरींच्या बाळंतपणांचे त्यांनी केलेले चित्रण मराठीत अपूर्व म्हणावे लागेल. अजाण सुईणींनी पुनःपुन्हा केलेली हाताने तपासणी, त्याने होणाऱ्या जखमा, घरात धडधड चिंध्याही नसणे, बाळंतिणीच्या पोटात पेटलेली भूक आणि तिच्यासाठी दारोदार अन्न मागत फिरणारी सासू, हे सारे त्या आडपडदा न ठेवता मांडतात. येथे दोन विशेष दिसतात. पहिला असा की, कथन बहुवचनी आहे. एकीची वेदना साऱ्या समाजाच्या वेदनेपासून वेगळी काढता येत नाही. दुसरा विशेष असा की, येथे प्रसूतिवेदनेला भुकेपासून अलग करता येत नाही. वेदना ही केवळ शरीराची घटना नसून जात आणि दारिद्र्य यांनी घडवलेली स्थिती आहे, हे लेखिका कोणतीही परिभाषा न वापरता सिद्ध करते. घरातले बाळंतपण म्हणजे मायेच्या माणसांतला सोहळा, हे स्मरणरंजन या पानांपुढे टिकत नाही.

आलेखावरील स्त्री

रुग्णालयाच्या आगमनाचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये देशातील सुमारे ३९ टक्के प्रसूती संस्थांमध्ये होत. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण सुमारे ८९ टक्क्यांवर पोहोचले आणि महाराष्ट्रात ते ९४ टक्क्यांहून अधिक होते. २००५ साली सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेचा यातील वाटा महत्त्वाचा आहे. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१८-२० च्या अंदाजानुसार दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण देशात ९७, तर महाराष्ट्रात ३३ होते. ‘सुखरूप’ हा शब्द आज अधिक घरांत खरा ठरतो, तो यामुळेच.

मात्र रुग्णालयात स्त्री एका वेगळ्या लेखनात शिरते. केसपेपर हेही एक कथनच आहे. त्यात वेळ, नाडी, रक्तदाब, बाळाच्या हृदयाचे ठोके, गर्भाशयमुख किती सेंटिमीटर उघडले, हे सारे असते. या लेखनाचा इतिहास उद्‌बोधक आहे. १९५५ मध्ये इमॅन्युएल फ्रीडमन यांनी न्यूयॉर्कमधील ५०० प्रथम प्रसूतींच्या निरीक्षणावरून प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख मांडला. १९७२ मध्ये फिलपॉट आणि कॅसल यांनी तत्कालीन ऱ्होडेशियातील पहिलटकरणींच्या प्रसूतींवरून ‘सावधानरेषा’ आखली. ताशी एक सेंटिमीटर हे माप पुढे जगभर रुजले. म्हणजे प्रसूतिगृहातील सर्वांत प्रभावी आलेख मुळात पहिलटकरणींच्याच शरीरावरून काढलेला आहे. त्यांचे बोलणे तेवढे त्यावर उमटलेले नाही.

या आलेखाने अडलेली प्रसूती वेळीच ओळखता येऊ लागली, हे खरे. पण कालांतराने सरासरी हाच नियम होऊन बसला आणि हळू चालणारी प्रसूती सदोष ठरू लागली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत ही चूक दुरुस्त केली. ताशी एक सेंटिमीटर हा वेग काही स्त्रियांच्या बाबतीत अवास्तव आहे, केवळ त्यावरून हस्तक्षेप करू नये. पहिलटकरणीची सक्रिय प्रसूती बारा तासांपर्यंत चालू शकते. सरसकट छेद घेऊन टाके घालू नयेत. सक्रिय अवस्थेत योनिमार्गाची तपासणी चार-चार तासांनी करावी, असे त्यात सांगितले आहे. या शेवटच्या शिफारशीपाशी ‘जिणं आमचं’मधील सुईणींचे हात पुन्हा आठवतात. घर असो वा रुग्णालय, तपासणीचा हात कोणाचा, कितीदा आणि कोणाच्या संमतीने, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या प्रसूतिपत्रकात तर सोबतीण आहे का, वेदनाशमन मिळाले का, पाणी वा द्रवपदार्थ घेतले का, ती कोणत्या स्थितीत आहे, यांसाठी स्वतंत्र रकाने आले. प्रसूत होणाऱ्या स्त्रीच्या घोटभर पाण्याला वैद्यकीय लेखनात जागा मिळाली, ही घटना वाङ्मयाच्या अभ्यासकानेही नोंदवावी अशी आहे. तिचे शब्द जिथे पोहोचले नव्हते तिथे निदान तिची तहान पोहोचली.

दाराबाहेरची आई

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रूढी सर्वश्रुत आहे. अननुभवी मुलीला त्या प्रसंगी आई जवळ असावी, हे तिच्यामागचे शहाणपण होय. रुग्णालयात नेमका हाच धागा तुटतो. मुलीला आणणारी आई प्रसूतिकक्षाच्या बंद दाराबाहेर बसते आणि आत मुलगी अनोळखी माणसांत असते. अशा कथनांत काळ मोजण्याची साधने पाहण्यासारखी असतात : शेजारच्या खाटेवरचे ओरडणे, परिचारिकांची पाळी बदलणे, भिंतीवरचे घड्याळ. वेदनेइतकेच एकटेपणही त्यांत असते. कधी ‘आता कशाला ओरडतेस’ अशा जातीचा एखादा शब्द असतो, जो टाके सुकल्यावरही सुकत नाही. अपुरे कर्मचारी आणि वाढती गर्दी यांचा ताण खरा आहे. परंतु त्यामुळे अपमान क्षम्य ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये प्रसूतीच्या वेळी होणाऱ्या अवमानाविरुद्ध स्वतंत्र निवेदन काढले, यावरून हा प्रश्न एका देशाचा वा एका वॉर्डाचा नाही हे स्पष्ट होते.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराच्या वर्णनात गर्भिणीभोवती अनेकदा प्रसूत झालेल्या, स्नेहशील, धीर देणाऱ्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. भारत सरकारने २०१६ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला मुभा दिली, तेव्हा तीही स्वतः प्रसूतीतून गेलेली स्त्री असावी अशी अट घातली. दोहोंमध्ये दोन सहस्रकांच्या आसपास अंतर आहे आणि निकष मात्र एकच आहे. प्राचीनांना सारे ठाऊक होते असा अभिमान मिरवण्यासाठी हे साम्य सांगितलेले नाही. उलट, जी गोष्ट ग्रंथात होती आणि रूढीतही होती, ती आधुनिक संस्थेत आणण्यासाठी शासकीय आदेश निघावा लागला, हे त्यातून दिसते. आदेश निघाला म्हणून प्रत्येक दार उघडले असेही नाही.

समारोप

बाळंतिणीचे सांगणे ऐकणे हा भावनेचा नव्हे, तर आरोग्याचाही प्रश्न आहे. ज्या पहिलटकरणीला काय झाले आणि का झाले हे कोणी समजावले नाही, ती दुसऱ्या खेपेस भीती घेऊन त्याच दाराशी येते, किंवा येण्याचे टाळते. साहित्याच्या अभ्यासकाची जबाबदारी येथे सुरू होते. आपण आत्मचरित्रांत बालपण, शिक्षण, विवाह, संघर्ष यांची प्रकरणे काढून अभ्यासतो. बाळंतपणाचा मजकूर मात्र ‘कौटुंबिक तपशील’ म्हणून ओलांडून जातो. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांनी हा तपशील साहित्याच्या मध्यभागी आणून ठेवला आहे. आता समीक्षेने तो वाचण्याची पद्धत घडवली पाहिजे. मराठी, समाजशास्त्र, गृहविज्ञान आणि परिचर्या या विद्याशाखांनी एकत्र येऊन आपल्या परिसरातील मातांची कथने त्यांच्या संमतीने, त्यांच्याच बोलीत नोंदवली, तर संशोधनाला एक सकस आधार मिळेल आणि प्रसूतिकक्षात काम करणाऱ्यांच्या प्रशिक्षणालाही.

‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ हे वाक्य प्रत्येक घरी येवो. त्यानंतर बाळाचे वजन विचारण्याआधी बाळंतिणीला ‘तुझं कसं झालं, सांग’ एवढे विचारणारे कोणी असावे, आणि तिचे उत्तर संपेपर्यंत त्याने बसून राहावे, एवढीच अपेक्षा आहे.