‘सेवाशोध’ या संज्ञेचे परीक्षण

जवळ आलेली बिनतारी यंत्रे परस्परांच्या सेवा जाणून घेतात, या क्रियेसाठी मराठीत ‘शोध’ हा शब्द सहज सुचतो. परंतु मराठीत ‘शोध’ एकटा अर्थ देत नाही. तो क्रियापदावर अवलंबून असतो. ‘शोध घेणे’ यात कर्त्याचा हेतू आहे, ‘शोध लागणे’ यात तो असेलच असे नाही. संज्ञा बनविताना क्रियापद गळते आणि त्याबरोबर कर्ताही हरवतो.

वस्तुतः या व्यवहारात कर्ते दोन आहेत. ब्लूटूथच्या २०१० सालच्या चौथ्या आवृत्तीत अल्पऊर्जा पद्धती आली. तीत एक यंत्र ३७, ३८ व ३९ या वाहिन्यांवर ठरावीक अंतराने हाळी देते; दुसरे ती ऐकते. हाळीत सेवेचा निर्देश असला, तर तो १२८ द्विमान अंकांच्या खुणेने किंवा तिच्या १६ अंकी संक्षेपाने होतो. बिबवेवाडीच्या नावात जो बिबवा दिसतो, त्याच्या रसाने परीट कपड्यांवर खुणा करीत. ती खूण वाचता येई ती परटालाच. येथेही तोच न्याय लागू पडतो. संकेत आधी ठाऊक नसेल, तर हाळी ऐकूनही सेवा कळत नाही. सारांश, हा शोध नव्हे. ही ओळख पटणे आहे.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. २ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने आणलेल्या ‘आरोग्यसेतू’त प्रत्येक दूरध्वनी हाळी देई आणि ऐकतही असे. तेथे कळत होती ती सेवा नव्हे, तर माणसाची उपस्थिती. रेडिओलहरी भिंतीपलीकडे जातात. त्यामुळे बिबवेवाडीसारख्या दाट वस्तीत कधी न भेटलेल्या शेजाऱ्याचीही नोंद होणे शक्य होते. ही सोय बंद केल्याचे शासनाने २०२३ मध्ये संसदेत सांगितले. संज्ञेचा प्रश्न मात्र उरलाच.

आमच्या मते यंत्राच्या घोषणेस ‘हाळी’, उपस्थिती कळण्यास ‘चाहूल’ आणि सेवा कळण्यास ‘ओळख’ म्हणावे. हे शब्द शास्त्रीय लेखनास घरगुती वाटतील, असा आक्षेप येईल. तथापि ‘चाहूल घेणे’ व ‘चाहूल लागणे’ हा भेद मराठी भाषकास शिकवावा लागत नाही. आपला दूरध्वनी हाळी देत आहे की नुसता ऐकत आहे, हे ज्याला शब्दावरून कळत नाही, त्याची संमती घेतली असे म्हणणे कठीण आहे.