लेखकाने स्वतःसाठी ठेवलेला केशा

‘देऊळ’ या चित्रपटाने (2011) गिरीश कुलकर्णींना एकाच वर्षी दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिले : सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि सर्वोत्कृष्ट संवाद. पुण्याच्या या लेखक-नटाची ताकद हे दोन पुरस्कार शेजारी ठेवले की नेमकी कळते. मंगरूळ गावातल्या एकेकाच्या तोंडी त्यांनी ठसकेबाज, अस्सल भाषा घातली आणि स्वतःसाठी केशा ठेवला. मनातलं धड मांडता येत नाही, असा केशा.

हरवलेली करडी गाय शोधायला गेलेला केशा औदुंबराखाली झोपतो आणि त्याला दत्त दिसतात. तो हे गावभर ओरडत सुटतो. दिलीप प्रभावळकरांचे अण्णा त्याला समजावतात की असा अनुभव आपल्यापाशी जपावा. पण एव्हाना गावाच्या हाती विषय लागलेला असतो. चावडीपासून चहाच्या टपरीपर्यंत जो तो देवावर बोलतो. त्या बोलण्यात हळूहळू दुकानं, गर्दी आणि पैसा शिरतो, दवाखान्याचा बेत मागे पडतो. मौज अशी की देऊळ जसं वर चढतं, तसा ज्याला देव दिसला तोच अडगळीत जातो. शेवटी केशा मूर्ती उचलून नेतो आणि पाण्यात सोडतो; गाव दुसरी मूर्ती बसवतं. इथे एखादं टाळीचं भाषण लिहिण्याचा मोह किती मोठा असेल! पण केशाचा सगळा निषेध त्या एका कृतीत आहे. लेखक जिथे हात आखडता घेतो, तिथून पुढे नट बोलतो.

‘देऊळ’चे दिग्दर्शक, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये घडलेले उमेश कुलकर्णी आणि गिरीश यांची जोडी ‘वळू’पासून (2008) जमलेली. देवाला सोडलेल्या एका वळूच्या माथी अख्खं गाव आपापली गाऱ्हाणी मारतं, ही ‘देऊळ’चीच पूर्वतयारी. ‘विहीर’मध्ये सती भावे यांच्यासह लिहिताना मात्र गिरीश यांनी पोरवयातल्या मृत्यूभोवतीचे प्रश्न शांतपणे उलगडले.

पटकथाकाराने कॅमेऱ्यासमोर येण्याची चाल जुनी आहे. पीटर ब्रुकसाठी ‘महाभारत’ रंगभूमीवर आणणारे फ्रेंच लेखक झाँ-क्लोद कारिएर यांनी दिग्दर्शक बुन्युएलच्या 1964च्या चित्रपटाची पटकथा लिहिली आणि त्यात पाद्र्याचं छोटं कामही केलं. कुलकर्णी त्याच वाटेने पुढे जाऊन कथेचा मधला खांबच खांद्यावर घेतात.

दुसऱ्याच्या चित्रपटातही त्यांच्यातला लेखक जागा असतो. 2013 साली कान महोत्सवात ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’मध्ये दाखवलेल्या अनुराग कश्यपच्या ‘अग्ली’त ते इन्स्पेक्टर जाधव आहेत. मुलगी हरवल्याची तक्रार घेऊन दोघं आलेत आणि हा माणूस मोबाइलवर फोन करणाऱ्याचा फोटो कसा दिसतो, याचीच चौकशी करत बसलाय. आधी हसू येतं, मग चीड, मग भीती वाटते. केशाचे शब्द कोणी ऐकत नाही. जाधवच्या शब्दांतून कोणाची सुटका नाही.

‘जाऊंद्या ना बाळासाहेब’मध्ये (2016) लेखन, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका तिन्ही त्यांच्याकडे आल्या. राजकारण्याच्या घरातला बाळासाहेब नाटकवाल्यांच्या संगतीत स्वतःला शोधू लागतो. इथेही त्यांनी स्वतःला दिला तो आपली भाषा न सापडलेलाच माणूस. संवादांवर एवढी हुकमत असलेल्या लेखकाने मुक्या घुसमटीची भूमिका पुन्हा मागून घ्यावी, यात त्यांची माणसांविषयीची आस्था दिसते. मराठी पटकथेला त्यांनी दिलेलं सर्वांत मोलाचं देणं मला हेच वाटतं.