दया कोणी कोणावर केली? : ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘ख्रिस्तायन’

रेव्हरंड ना. वा. टिळकांवरचे बहुतेक लेखन ठरीव वाटेने जाते. 1895 साली बाप्तिस्मा, मग बायकोमुलापासून ताटातूट, तरी न ढळलेली निष्ठा आणि शेवटी प्रभूच्या दयेने सारे सावरणे. सेवकाने चिकाटी धरायची, दया देवाने करायची, अशी ही वाटणी. आधार दिला जातो तो लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’चा. मला मात्र त्या पुस्तकात वेगळेच काही दिसते.

मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नव्हे. हिंगणीत बसून मिळेल ते वाचतो. टिळकांकडे वळलो ते आमच्या मुलखाच्या ओढीने. बाप्तिस्म्याच्या दोनेक वर्षे आधी नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका मिशनऱ्याने त्यांच्या हाती ‘नवा करार’ दिला. मराठी ख्रिस्ती साहित्याचे एवढे मोठे वळण विदर्भातून सुटलेल्या गाडीत घडले, याचे मला अजून अप्रूप वाटते.

निर्णय टिळकांचा होता; तो निभावला लक्ष्मीबाईंनी. बातमी कळल्यावरचा आकांत, नातलगांकडे काढलेले दिवस, लोकांची बोलणी, यातले काहीही त्या झाकत नाहीत. टिळकांचा संताप, विसरभोळेपणा, मागेल त्याला घरातले देऊन टाकणे, हेही सगळे येते. आपण याला विनोद म्हणतो आणि पाठ्यपुस्तकात तेवढेच तुकडे घेतो. त्यामुळे मोठे नुकसान झाले. लक्ष्मीबाई आधी आरोप पुरता वाचून दाखवतात, मग शिक्षा माफ करतात. नुसते हसणे उचलले की आरोप गळून पडतो, आणि आरोपच नसेल तर माफी कशाची?

हे पतिव्रतेचे सोसणे आहे, असा आक्षेप येईल. मला तो पटत नाही. लक्ष्मीबाई परत आल्या तरी सोवळे सुटले नव्हते. जात देवाने नव्हे, माणसाने केली, हा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या विचाराने काढला आणि कोणाच्याही हातचे खायला सुरुवात केली. राहुरीला 1900 साली बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर. तोवर जगाला उपदेश करणारा माणूस स्वतःच्या घरात वाट पाहत राहिला. 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला, त्या त्यागाचे कौतुक खूप झाले. मी या वाट पाहण्याला त्याहून वरचे स्थान देतो. एरवी उतावळ्या असलेल्या माणसाला ते सोपे गेले नसणार.

टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’चे दहा-अकरा अध्याय झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने पुढे साठांहून अधिक अध्याय लिहून ते पुरे केले. ग्रंथ छापून आला 1938 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. समीक्षक ‘स्मृतिचित्रे’ला डोक्यावर घेतात आणि ‘ख्रिस्तायन’ एका ओळीत उरकतात. नवऱ्याचे अपुरे काम पत्नीने पूर्ण केले, एवढेच. मीही कितीतरी वर्षे तेच केले. वहीत ‘ओवी जागोजागी सपाट’ असा शेराही मारून ठेवला होता.

त्या शेऱ्यात चूक माझ्या वाचण्याची होती. ओवी मनातल्या मनात वाचायची नसते. टिळक आणि लक्ष्मीबाई दोघेही कीर्तने करीत, त्यांच्या कानात ती म्हटली जाणारी होती. गेल्या श्रावणात आमच्याकडे पोथी लावतात तसे मी काही अध्याय ओसरीवर मोठ्याने वाचले. जिथे सपाट वाटले होते तिथे आवाजाला टेकायला जागा सापडली. आई वाती वळत ऐकत होती.

“कोन्या देवाची पोथी व्हय रे हे?” तिने विचारले.

मी सांगितले. तिने वळलेली वात ताटलीत ठेवली.

“मंग थांबला काहून? वाच नं पुढं.”