‘श्यामची आई’ वाचताना : बोलतंय कोण?

मराठी समाजातली आई हा विषय शोधनिबंधासाठी घ्यायचं ठरवलं असेल, तर तुमच्या टेबलावर पहिलं पुस्तक कोणतं येणार हे सांगायला ज्योतिषी नको. ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. मग 1953 मध्ये अत्र्यांचा चित्रपट आला आणि ही आई घराघरात पोचली. अडचण अशी की या पुस्तकाकडे आपण ‘आई कशी असावी’ याचा पुरावा म्हणून बघतो. पुरावा ते आहेच, पण कशाचा, ते आधी ठरवायला हवं.

साधा हिशेब करा. गुरुजींचा जन्म 1899 चा, आई गेली 1917 मध्ये. म्हणजे पुस्तक लिहिणारा माणूस तेहेतिशीतला आहे आणि आईला जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली आहेत. पुस्तकात मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रात्री-रात्री आठवणी सांगतो. आई स्वतः काही सांगत नाही, ती मुलाच्या तोंडून बोलते. संशोधकासाठी ही बारीकसारीक गोष्ट नव्हे. 1910 च्या आसपासच्या कोकणातली आई या पुस्तकातून थेट मिळेल असं धरून चाललात, तर पहिल्याच प्रकरणात घसराल. थेट मिळतो तो आई गमावलेला मुलगा.

आता तो प्रसिद्ध प्रसंग घ्या. आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई धोंड्यावर आपलं लुगडं पसरते. मग ती मनाला जपण्याबद्दल जे बोलते ते आपल्या सगळ्यांना पाठ असतं. भाषणात, पाठ्यपुस्तकात, शाळेच्या भिंतीवर तेच वाक्य येतं. पण वाक्याच्या आधी काय घडलं ते बघा ना! मुलगा मागतोय, आणि कामाच्या रगाड्यातली बाई अंगावरचं लुगडं जमिनीवर पसरतेय. मला तरी नातं त्या पसरण्यात दिसतं. उपदेश नंतरचा आहे, आणि तो सांगणाऱ्याने कितीदा मनात घोळवून घासूनपुसून ठेवला असेल, कोण जाणे.

आपल्याकडे वाचन बहुधा इथेच थांबतं. पहिल्या निम्म्या रात्री म्हणजे संस्कार, पोहायला घाबरणाऱ्या पोराला मार आणि वर माया. पुढच्या रात्री मात्र पुस्तकाचा रंग पालटतो. कर्ज वाढतं, वसुलीला आलेला माणूस दारात उभा राहून वाटेल ते बोलतो, घराची अब्रू चव्हाट्यावर येते. आई शिकवायची तशी शिकवते, पण आता ती झिजलेली, धास्तावलेली बाई आहे. श्याम शिकायला बाहेरगावी, सुट्टीत आला की बायकी समजली जाणारी कामंही तिच्याबरोबर करणारा. लहानपणी तिच्याकडून सगळं करून घेणारा मुलगा आता तिच्यासाठी काहीतरी करू बघतो, आणि ते पुरत नाही. मूल वाढताना आईशी असलेलं नातं कसं बदलतं याचं हे मराठीतलं फार प्रामाणिक चित्रण आहे. नेमकं तेच आपण वगळतो.

आणि शेवट? आई जाते तेव्हा श्याम जवळ नाही. तो पोचतो तोवर राख उरलेली असते. श्याम कमावता झालेला तिने पाहिला नाही, त्याचे निर्णय तिला पटले नसते का, त्यावरून दोघं भांडली असती का, हे पुस्तकाला ठाऊकच नाही. ठाऊक असणार तरी कसं? मोठ्या झालेल्या मुलाची आई होण्याची वेळच तिच्यावर आली नाही. तिचं निर्दोष असणं काही अंशी यातूनच येतं, असं माझं मत आहे. उशिरा पोचलेला मुलगा आईचे दोष मोजत बसत नाही. भाबडेपणाचा जो आरोप या पुस्तकावर नेहमी होतो, तो करणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेलं मला दिसलेलं नाही.

याच्या शेजारी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ठेवून बघा. काळ तोच, 1934 पासून भागाभागाने आलेलं पुस्तक. पण इथे आई स्वतः बोलते, आणि मुलगा देवदत्त तिच्या म्हातारपणी कर्ता पुरुष आहे. नवरा ख्रिस्ती झाल्यावर मुलाला घेऊन वेगळी राहिलेली ही बाई स्वतःला देव्हाऱ्यात बसवत नाही. ती रडते, चिडते, फसते आणि वर स्वतःलाच हसते. दोन्ही बायकांचा स्वभाव वेगळा होता, हे खरंच. पण यशोदाबाईंनी, म्हणजे श्यामच्या आईने, चार पानं लिहिली असती तर त्यात धोंड्यावर पसरलेलं ते लुगडं आलं असतं का? की आधी सावकाराचा हिशेब आला असता?